मे महिन्याचं बिल उतरलं ते नव्या एसीमुळं की अवकाळीमुळं? (लातूर, अभ्यासिका)

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. लातुरात एका ट्रस्टची अभ्यासिका आणि तिच्यावर दोन मजली वसतिगृह आहे. त्याचा हिशेब माझ्याकडं असतो. यंदा फेब्रुवारीत जुने एसी काढून इन्व्हर्टर एसी बसवले आणि गच्चीला पांढरा लेप दिला. ठेकेदाराला रोख रक्कम द्यायची नाही, विजेच्या बचतीतला वाटा तीन वर्षं द्यायचा, असा करार आहे. आता त्यानं मे २०२४ आणि मे २०२५ ची बिलं शेजारी-शेजारी ठेवलीत. युनिट पाव हिश्श्यानं कमी. वाटा मागतोय.

आता यंदाचा मे कसा गेला ते तुम्हाला सांगायला नको. निम्मा महिना आभाळ, वादळ, अवकाळी. २६ मेला तर मान्सून थेट मुंबईत. माझ्या घरी मी एका बल्बचंही काम केलं नाही, तरी बिल उतरलंय. मग अभ्यासिकेतली घट कुणाच्या खात्यावर टाकायची? एक विश्वस्त म्हणतात देऊन मोकळे व्हा, दुसरे म्हणतात छदाम देऊ नका. करारात हवामानाबद्दल अवाक्षर नाही. भाचा म्हणतो 'डिग्री डे' लावून हिशेब करतात. इथं कुणी केलाय का?

औंढेकर
ठेकेदाराला म्हणावं अवकाळी तूच पाडलास असं लिहून दे. आमच्याकडं गारपिटीनं आंबा झोडपलाय, त्याची भरपाईही मग तुझ्याकडूनच घेतो.

चिकलठाणा_शिफ्ट
ऊर्जा लेखापरीक्षण हेच माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळं जरा लांबड लागेल.

दिवसाचं कमाल आणि किमान तापमान घ्या आणि सरासरी काढा. ४२ आणि २६ असेल तर ३४. तुमच्या इमारतीला बाहेर किती अंशांच्या वर गेलं की एसी लावावा लागतो ते ठरवा. त्याला पायाचं तापमान म्हणू, सध्या २४ धरा. ३४ वजा २४, त्या दिवसाचे १० डिग्री डे. सरासरी २४ च्या खाली असेल तर शून्य, उणे नाही. रोजची ही बेरीज करत जायचं, पण कॅलेंडरच्या महिन्याची नव्हे. महावितरणचं रीडिंग १७ तारखेला होत असेल तर तुमच्या 'मे'च्या बिलात निम्मा एप्रिल असतो. रीडिंग ते रीडिंग असेच दिवस धरा. आणि रुपये बघूच नका. दर बदलतात, इंधन समायोजन आकार वरखाली होतो. फक्त युनिट.

आता समजा कडक मे. ३१ दिवस रोज १०, म्हणजे ३१० डिग्री डे, आणि युनिट ६७२०. ओला मे, कमाल ३६ किमान २४, सरासरी ३०, रोज ६, म्हणजे १८६ डिग्री डे आणि युनिट ५०००. ठेकेदार सरळ वजाबाकी करणार: १७२० युनिट गेले, पंचवीस टक्क्यांच्या वर बचत, द्या पैसे.

तुमच्यातला एखादा हुशार विश्वस्त म्हणेल थांबा, युनिटला डिग्री डेनं भागू. मग कडक मे २१.७ आणि ओला मे २६.९. म्हणजे नवे एसी बसवून कारभार २४ टक्क्यांनी बिघडला! हा भागाकार मी चांगल्या शिकलेल्या लोकांच्या अहवालात पाहिलाय. तोही चूक. दिवे, संगणक, फ्रीज, लिफ्ट यांना उन्हाशी देणंघेणं नसतं. डिग्री डे कमी झाले तरी ती वीज जळतच राहते, आणि भागाकारात तिचा सगळा बोजा थोड्याच डिग्री डेंवर पडतो.

बरोबर रीत अशी. जुने एसी होते तेव्हाची किमान १२ बिलं घ्या. आडव्या अक्षावर डिग्री डे, उभ्या अक्षावर युनिट. ठिपक्यांतून सरळ रेषा काढा. एक्सेलमध्ये स्लोप आणि इंटरसेप्ट ही दोन सूत्रं पुरतात. समजा रेषा आली ३००० अधिक १२ गुणिले डिग्री डे. यातले ३००० म्हणजे ऊन असो नसो जळणारी वीज, आणि १२ म्हणजे प्रत्येक डिग्री डेमागं लागणारी. आता ओल्या मेचे १८६ घाला: ५२३२. जुने एसी असते तरी यंदा एवढंच बिल आलं असतं. प्रत्यक्षात आलं ५०००. बचत २३२ युनिट, साडेचार टक्क्यांच्याही आत.

त्याच दोन बिलांवरून पंचवीस टक्के नफा, चोवीस टक्के तोटा आणि चार टक्के नफा, तिन्ही निघाले.

मांजराकाठ
सर, तुम्ही 'समजा' म्हणालात खरं, पण आमची बिलं जवळपास याच घरातली आहेत. विश्वस्तांच्या बैठकीत हेच वाचून दाखवतो.

कापूसकोंड्या
परभणीहून. हा हिशेब शेतीवाल्यांना नवा नाही. कापसाला पायाचं तापमान १५.५ धरतात आणि पेरणीपासून उष्णता मोजत जातात. पातं (कळी) कधी लागणार, बोंड कधी फुटणार, याचा अंदाज तारखेपेक्षा त्या बेरजेवरून बरा येतो. आमच्या कृषी विद्यापीठातल्या हवामानवाल्यांना विचारा, त्यांच्या रोजच्या बोलण्यातली गोष्ट आहे.

मुळात ही कल्पना शेतातूनच इमारतीत शिरली. रिचर्ड स्ट्रेची नावाच्या इंग्रज अभियंत्यानं १८७८ मध्ये ठरावीक तापमानाच्या वरची आणि खालची उष्णता कशी मोजायची याचा हिशेब मांडला, तो पिकांसाठी. गृहस्थ हिंदुस्थानात नोकरी केलेले. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर जो दुष्काळ आयोग नेमला त्याचे अध्यक्षही हेच. तो दुष्काळ दख्खनचा होता, निजामाच्या मुलखानंही भोगलेला. खोल्या गरम करण्याच्या खर्चाला ही पद्धत पुढं लावली ती थंड देशांनी. तिथलं नेहमीचं पायाचं तापमान १५.५ किंवा १८.३. ते आकडे आपल्याकडं उचलून लावू नका एवढंच सांगायचं होतं. आमच्या परभणीत डिसेंबरात पहाटे पारा एक आकडी होतो, तरी खोली गरम करायला कुणी हीटर लावत नाही. लागतो तो गिझर.

बालाघाटी
हे समदं कागदावर ठीक हाये. पण मला सांगा, यंदा मेमधी पारा उतरला म्हणून एसी कमी चालला म्हंता, अन् घामाचं काय? पाऊस पडून गेल्यावर जे उकडतंय ते ४२ च्या कोरड्या उन्हापेक्षा लै वंगाळ. आमच्याकडं बीडला कोरड्या उन्हात कूलर झकास चालतो, आभाळ आलं की त्यो निस्ता ओला वारा फेकतो. मग एसी लागतोच. तुमच्या बेरजेत दमटपणा कुठं धरलाय?

चिकलठाणा_शिफ्ट
नाही धरला, आणि बालाघाटींनी दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. एसीची बरीचशी मेहनत हवेतलं पाणी गाळण्यात जाते, आणि डिग्री डेला त्यातलं काही दिसत नाही. म्हणून मराठवाड्यातल्या एसी इमारतींचे जून ते सप्टेंबरचे ठिपके रेषेच्या वर बसतात आणि मार्च-एप्रिलचे खाली. जमलं तर कोरड्या महिन्यांची एक आणि ओल्या महिन्यांची एक अशा दोन रेषा काढाव्यात. यात ठेकेदाराचा फायदा आहे हेही लक्षात घ्या. यंदाचा मे दमट होता, म्हणजे जुन्या एसींनी ५२३२ पेक्षा जास्तच खाल्लं असतं. बचत २३२ पेक्षा मोठी निघू शकते.

कूलरचं गणित वेगळं. त्यात पंखा आणि छोटा पंप, बस. बाहेर ३८ असो की ४४, चालू असताना वीज तेवढीच खातो. तो किती तास चालला एवढंच बघायचं. कूलरवाल्या इमारतीला डिग्री डेची रेषा नीट बसत नाही.

माळवद
धाराशिवहून, वास्तुरचनाकार. कमाल-किमान सरासरीबद्दल एक भर. आपल्याकडं दिवस-रात्रीतलं अंतर मोठं. मार्चमध्ये दुपारी ३८ आणि पहाटे १८, सरासरी २८. पायाचं तापमान २४ धरलं तर ४ डिग्री डे. पण दहा ते सहा चालणाऱ्या कचेरीला ती १८ ची पहाट कधी भेटतच नाही. तिच्यासाठी तो दिवस पस्तिशीचा. डिसेंबरात तर कमाल ३०, किमान १०, सरासरी २०, डिग्री डे शून्य, आणि दुपारी तीनला पश्चिमेच्या काचेमागं बसलेला माणूस एसी लावतोच. दिवसा चालणाऱ्या इमारतीला तासातासाचं तापमान घेऊन फक्त उघड्या वेळेची बेरीज करावी. अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत चालते, त्यामुळं लातूरवाल्यांना सरासरी एवढी दगा देणार नाही.

दुसरं, स्लॅब. उन्हात तापलेला आरसीसी स्लॅब रात्री अकरापर्यंत खोलीत उष्णता सोडतो. म्हणजे आजच्या बिलात कालचं ऊन असतं. महिन्याच्या बेरजेत हे विरून जातं, रोजचा हिशेब करायला गेलात तर मात्र ठिपके पांगतात. जुन्या माळवदाच्या घरात हात-दोन हात जाड भिंती आणि वर मातीचा थर, त्यात दुपार आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. पण ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात त्याच जड भिंती आणि माळवदं माणसांच्या अंगावर आली. त्यानंतर आपल्या भागात कुणाला डोक्यावर माती नको झाली, आणि ते साहजिक आहे. त्या जागी पत्रा आणि पातळ स्लॅब आला, आणि ऊनही आत आलं. पांढऱ्या लेपाचा खरा उपयोग अशाच छपरांना. पण तो धुळीनं मळतो. दर उन्हाळ्याआधी धुवावा, हे ठेकेदारानं सांगितलंय का?

मांजराकाठ
नाही सांगितलं. विचारतो.

जालना_गारवा
मी स्वतः एसीचं काम घेतो, म्हणून ठेकेदाराची बाजू मांडतो. हे काम माझं नाही, आधीच सांगतो. जुने एसी तोकडे असतील तर ४३ च्या दुपारी ते थांबतच नाहीत, पूर्ण ताकदीनं चालूनही खोली २९-३० च्या खाली येत नाही. मीटर त्याहून जास्त पळूच शकत नाही. नव्या एसीनं खोली खरोखर गार होते. मुलांना गारवा जास्त मिळतोय आणि युनिट थोडेच कमी, मग तुम्ही म्हणणार बचत नाही. जास्तीच्या गारव्याचे पैसे कुणी मोजायचे?

आणि रिमोट कुणाच्या हातात आहे ते बघा. १ जानेवारी २०२० पासून नव्या एसीला चालू करताना २४ अंश हीच मूळ नेमणूक (सेटिंग) असते. ऊर्जा दक्षता ब्यूरो म्हणतो एक अंश वर ठेवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. पण २४ खाली आणायला बोटाची दोन टोचणं लागतात. अभ्यासिकेतली पोरं १८ वर ठेवून वर चादर घेऊन बसत असतील तर त्याचा दोष मशीनचा कसा?

चिकलठाणा_शिफ्ट
मुद्दा रास्त. जुनी रेषा वरच्या टोकाला आडवी पडलेली दिसली तर जुने एसी दमत होते हे तिथंच कळतं. अशा वेळी खोलीचं तापमानही लिहून ठेवावं लागतं, नाहीतर हे भांडण मिटत नाही.

पायाच्या तापमानाबद्दल राहिलं. ते एसीच्या नेमणुकीपेक्षा खालीच असतं. बसून अभ्यास करणारा माणूस शंभरेक वॅट उष्णता टाकतो. शंभर मुलं म्हणजे आत दहा किलोवॅटची शेगडीच. त्यामुळं भरलेल्या अभ्यासिकेला बाहेर २१-२२ असतानाही गारवा लागतो. २०, २२, २४, २६ धरून चार रेषा काढा, ठिपके जिला सगळ्यांत चिकटून बसतील ती घ्या. परीक्षा संपून मुलं गावी जातात ते आठवडे आणि दिवाळीची सुट्टी वेगळी काढा, नाहीतर रेषा रिकाम्या खुर्च्यांवर आखली जाईल.

वसमतची_हळद
मी नांदेडच्या एका रुग्णालयात प्रशासन बघते. आमच्याकडं छतावर सोलर आहे. महावितरणच्या बिलात ग्रिडमधून घेतलेले आणि ग्रिडला दिलेले युनिट असतात, इमारतीनं खाल्लेले नसतात. आधी सोलरची निर्मिती मिळवायची, मग ग्रिडला दिलेले वजा करायचे, तेव्हा खरा वापर निघतो. वीज गेल्यावर जनरेटरवर चाललेले युनिट पुन्हा वेगळे. शिवाय आमचं बिल एचटीचं, म्हणजे उच्च दाबाच्या जोडणीचं. त्यात केव्हीएएच लावतात, म्हणजे पॉवर फॅक्टर खराब असला की तेवढ्याच कामाला आकडा जास्त दिसतो. एका वर्षी कपॅसिटर बदलून पॉवर फॅक्टर सुधारला आणि एका एजन्सीनं ती घट स्वतःच्या चिलर (मध्यवर्ती एसीचं यंत्र) दुरुस्तीच्या नावावर मांडली होती. भाऊ, तुमच्याकडं यातलं काही आहे का?

आणि तापमानाचे आकडे कुठून घ्यायचे? नांदेड विमानतळाचे घेतले तर आमच्या वसमतला चालतील का?

कापूसकोंड्या
ताई, महावेध या राज्याच्या हवामान प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रं महसूल मंडळापर्यंत आहेत, तिथलं रोजचं तापमान मिळतं. खंड पडला तर नासाच्या पॉवर संकेतस्थळावर अक्षांश-रेखांश टाकून रोजचे आकडे फुकट मिळतात, पण ते मोठ्या चौकोनाची सरासरी असते. कुठलंही घ्या, मात्र आधीच्या आणि नंतरच्या वर्षाला एकच स्रोत. मधेच केंद्र बदललं की एक-दीड अंशाचा फरक तिथंच पडतो आणि बचत म्हणून मिरवतो.

मांजराकाठ
ताई, सोलर नाही, एलटी म्हणजे कमी दाबाची जोडणी आहे, जनरेटर नावाला. काल बैठकीत २३२ युनिटचा हिशेब मांडला. ठेकेदार चिडला, पण डिग्री डे मान्य म्हणाला.

बालाघाटी
मांजराकाठ भाऊ, एक इचारतो. तुमच्या वसतिगृहाला पाणी कुठलं? बोअर असंल तर त्याचा पंप ह्याच मीटरवर हाये का? कामून इचारतो, २०२३ ला पावसानं दगा दिल्ता. २०२४ च्या मेमधी आमची बोअरं तळाला गेलती. यंदा मागल्या पावसाच्या जोरावर पाणी वर हाये.

मांजराकाठ
बोअरच. पंप त्याच मीटरवर. मे २०२४ मध्ये मधूनमधून टँकरही घ्यावा लागला होता.

चिकलठाणा_शिफ्ट
बालाघाटींना सलाम. हे मी पहिल्याच प्रतिसादात विचारायला हवं होतं, असं समजा. औरंगाबादच्या कारखान्यांत पाणी एमआयडीसीच्या नळानं येतं, त्या सवयीनं सुटतं.

आकडा मांडू. १००० लिटर पाणी १०० मीटर उचलायला निव्वळ ०.२७ युनिट लागतात. बोअरचा सबमर्सिबल (पाण्यात बुडालेला पंप) घेतलेल्या विजेतला तिसरा हिस्साच कामी लावतो असं धरलं तर सुमारे ०.८. पाणी ६० मीटरवर असेल तर हजार लिटरला अर्धा युनिट, १५० मीटरवर गेलं तर सव्वाच्या आसपास. वसतिगृहाला रोज १० हजार लिटर धरले तर महिन्याला दीडशे युनिटच्या जागी साडेतीनशेच्या पुढं. फरक दोनशेचा. आणि तुम्ही भांडताय २३२ वर.

यात खोच अशी की आपल्याकडं ऊन वाढतं तेव्हाच पाणी खाली जातं. मेमध्ये डिग्री डेही सर्वांत जास्त आणि पंपाचे तासही. रेषेला बिचारीला कळत नाही कुठले युनिट एसीचे आणि कुठले पंपाचे, ती सगळे उन्हाच्या नावावर लिहिते. तुमच्या त्या '१२ युनिट दर डिग्री डे'मध्ये पंप मिसळलाय. म्हणून यंदासाठी काढलेला ५२३२ चा अंदाज फुगलेला आहे. ठिपके रेषेवर कितीही सुबक बसलेले असोत, त्यानं हे कळत नाही. उलट पंपामुळं ते जास्तच सुबक बसतात. इतर ठिकाणची पुस्तकी पद्धत मराठवाड्यात आणताना पंप आधी वेगळा काढायचा आणि मगच रेषा ओढायची, असं माझं मत आहे.

जालना_गारवा
मग मागच्या वर्षीचं काय करणार? तेव्हा पंपाला मीटरच नव्हता ना.

मांजराकाठ
मीटर नव्हता, पण वॉचमनकाकांची वही आहे. मोटर चालू केल्याची आणि बंद केल्याची वेळ रोज लिहितात, कारण मागं एकदा टाकी रात्रभर ओसंडली होती. मोटर पाच एचपीची.

चिकलठाणा_शिफ्ट
वही सोन्याची आहे, जपा! पाच एचपीची मोटर वीज खेचते साधारण पाच किलोवॅट. एकदा क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून वीज मोजायचं यंत्र) लावून नेमकं बघा आणि तासांना गुणा. प्रत्येक बिलाच्या कालावधीतले पंपाचे युनिट वजा करून रेषा नव्यानं आखा, यंदाच्या बिलातूनही तसेच वजा करा.

पंप काढल्यावर त्या २३२ मधलं फार काही उरेल असं मला वाटत नाही. दमटपणाचा मुद्दा उलट दिशेनं ओढतो, तेव्हा शून्यच आहे असंही म्हणणार नाही. सबंध इमारतीच्या मीटरवरून बचत ठरवायची तर ती १० टक्क्यांच्या वर असावी, असा आयपीएमव्हीपी या बचत मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीचा संकेत आहे. चार टक्के म्हणजे ठिपक्यांच्या नेहमीच्या वरखालीतच बुडून जाणारी गोष्ट. एका मेवर निकाल देऊ नका, ठेकेदाराच्या बाजूनं नको आणि विरुद्धही नको. पुढचा मार्च ते मे कोरडा गेला तर नव्या एसीचं पाणी तेव्हा कळेल.

वसमतची_हळद
भाऊ, एसीच्या फीडरलाच (त्यांना वीज देणाऱ्या लाइनला) वेगळा सबमीटर बसवा ना. म्हणजे पंप, लिफ्ट, गिझर कशाचंच भांडण उरत नाही.

मांजराकाठ
इलेक्ट्रिशियनला उद्या बोलावलंय. एसीला एक आणि पंपाला एक असे दोन सबमीटर लावायचे ठरलं, खर्च निम्मा-निम्मा. ठेकेदाराशी पुरवणी करार करतोय: तापमान एकाच केंद्राचं, पायाचं तापमान दोघांच्या सहीनं, एसीची नेमणूक २५, लेप दर फेब्रुवारीत त्यानं धुवून द्यायचा. पहिला हप्ता जून २०२६ च्या रीडिंगनंतर. वहीतले आकडे एक्सेलमध्ये भरायला भाच्याला बसवलंय. काकांचं अक्षर मात्र त्यांनाच वाचता येतं, त्यामुळं ते दोघं मिळून बसलेत.

औंढेकर
काकांना त्या वाट्यातला वाटा द्या.